पाण्याला आग म्हणणारा देश

चित्रा मॅडम टांगो शिकायला परदेशी चालल्या आहेत, हे मी आईला फोनवर सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "टांगा? आता कोन बसते व टांग्यात? आर्णीत तं सगळे ऑटोच हायेत."

मी सांगितलं, टांगा नाही, टांगो. नाच असतो एक.

"नाच?" आई म्हणाली. "त्याच्यापरीस टांगा बरा."

हे मी मॅडमना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की मांडीवर झोपलेली त्यांची लेक यशू दचकून जागी झाली. त्यांचं तसं हसणं नंतर फारसं ऐकायला मिळालं नाही, म्हणून इथूनच सुरुवात केली. नाहीतर त्यांच्याविषयी कुठून लिहायला घ्यावं हे मला कळत नव्हतं. माहेर मारेगावचं, सासर यवतमाळचं, नोकरी आर्णीच्या कॉलेजात, तीही कायम नाही, तासिका तत्त्वावर. एवढं लिहिलं की सगळं लिहून होतं आणि मॅडम त्यात कुठेच दिसत नाहीत.

त्या आम्हाला इंग्रजी शिकवत. वर्गात आल्या की चपला टेबलाखाली काढून ठेवायच्या आणि तास संपेपर्यंत अनवाणी फिरायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नाव विचारलं. मी उभी राहिले, म्हणजे अर्धीच, बाकाला धरून. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. चारचौघांत उभं राहून बोलायची सवय नव्हती. मॅडम जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "नाव नंतर. आधी उभी राहा. कोणत्या पायावर आहेस?"

"दोन्ही."

"दोन्हीवर असलं की माणूस कुठेच जाऊ शकत नाही. एकावर ये."

वर्ग हसला. मी एका पायावर भार घेतला. त्या म्हणाल्या, "दुसरा मोकळा झाला ना? आता सांग नाव." मी सांगितलं. त्या वर्षी त्यांनी प्रत्येकाला असंच उभं राहायला शिकवलं. मागच्या बाकावरच्या मुलांनी त्यांचं नाव 'एकपायी मॅडम' ठेवलं. ते त्यांना माहीत होतं. एकदा हजेरी घेताना त्याच म्हणाल्या, "एकपायी मॅडमचा आज घसा बसलाय, जरा कान देऊन हजेरी द्या."

पुढे मी काकूंच्या घरी खोली घेतली तेव्हा कळलं की मॅडम त्याच घरात वरच्या मजल्यावर राहतात. खाली आम्ही कॉलेजच्या मुली, मधे अंगण, वर मॅडम आणि त्यांची मुलगी यशू. मॅडमचे यजमान प्रशांत सर यवतमाळला नोकरीत होते. ते आणि त्यांची आई तिथेच राहत. सर शनिवारी यायचे, सोमवारी पहाटे गाडीनं परत जायचे. काकू म्हणजे आमच्या घरमालकीण. विधवा, अंगानं भरलेल्या, आणि तोंडाला फाटक नसलेल्या.

मॅडम चहा करायच्या आणि विसरायच्या. मग तो थंडगार चहा औषधासारखा एका दमात प्यायच्या. त्यांना कोणाला सरळ हो किंवा नाही म्हणता येत नसे. "बघू" म्हणाल्या की ते हो असायचं, आणि "हो हो" म्हणाल्या की नाही. हे समजायला मला वेळ लागला. काकूंना आधीच समजलं होतं. "मॅडम, हळदीकुंकवाले येता का?" "हो हो काकू." मग काकू माझ्याकडे वळून म्हणायच्या, "मने, त्याहीचं ताट नोको मांडू."

टांगोचं खूळ यशूच्या जन्मानंतर लागलं, असं त्या सांगत. बाळंतपणात घरातली सगळी माणसं बाळाशी बोलत होती, मॅडमशी कोणी बोलत नव्हतं. यशूला पाजताना त्या एका हातानं मोबाईल पाहायच्या. त्यात त्यांना दूर अर्जेंटिनातल्या एका चौकात एक म्हातारा आणि म्हातारी दिसली.

"ते नाचत नव्हतेच गं," मॅडम म्हणाल्या. "चालत होते. पण दोघं मिळून एकच चालत होते. मी आमच्या घरात असं कोणालाच चालताना पाहिलं नाही. आमच्या घरी बाबा पुढे, आई मागे. सासरी मी मागे."

"मॅडम, तुम्ही आधी नाचायच्या का?"

"छे! स्वतःच्या हळदीला सगळ्या ओढायला लागल्या तर मी न्हाणीत जाऊन कडी लावून बसले होते."

त्या मोबाईलवर पाहून शिकायला लागल्या. या नाचात बाईला बरेचदा मागे मागे चालावं लागतं. मॅडम संध्याकाळी गच्चीवर काकूंच्या वाळत घातलेल्या मिरच्या चुकवत उलट्या चालायच्या. शेजारच्या गच्चीवरून बाया पाहायच्या. एकदा काकू वर आल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "उलट्या काहून चालता व मॅडम? लोकं तुमचे पाय पाह्यतीन."

आमच्याकडे उलट्या पायांची कोण असते ते सांगावं लागत नाही.

"पाहू द्या काकू. सरळच आहेत."

यशू तेव्हा नुकती उभी राहायला लागली होती. मॅडमनी तिचे दोन्ही हात धरले आणि तशाच मागे मागे जायला लागल्या. यशू त्यांच्या तोंडाकडे पाहत, तोल सांभाळत, एक एक पाऊल पुढे टाकत होती. काकू पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "असं व्हय. लेकराले चालवतानी तं साऱ्याच माया उलट्या चालतात." आणि मिरच्या गोळा करून खाली गेल्या. त्यानंतर काकूंनी कधी हटकलं नाही. शेजारणी काही बोलल्या तर त्यांच्याशी भांडायला मात्र जायच्या.

अर्जेंटिनातल्या एका नाचाच्या शाळेनं मॅडमना वर्षभराच्या शिक्षणासाठी घेतलं, तेव्हा त्यांनी घरी सांगितलं. यशू अडीचेक वर्षांची झाली होती. सरांच्या आई, ज्यांना आम्ही आजी म्हणायचो, त्यांचं म्हणणं होतं की जायचं तर जा, लेकरू इथं ठेव. मॅडमच्या माहेरचं म्हणणं होतं की जाऊच नको. कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी विचारलं, "मॅडम, इकडं गॅदरिंगला काय कमी नाच होतात?" मॅडमचं सगळ्यांना एकच उत्तर होतं. ते त्यांनी मलाही एकदा जिन्यात बसून सांगितलं, "यशूला सोडून जाणार नाही. आणि न जाता राहणार नाही."

त्या वेळी मला वाटलं, किती सोपं आहे. दोन वाक्यं तर आहेत.

सर वाईट नव्हते. यशूला परदेशी न्यायचं तर वडिलांची संमती लागत होती, ती त्यांनी दिली. काकूंनी अंगणात त्यांना गाठून विचारलं, "भाऊ, खरंच धाडता का?" सर गाडी पुसत होते. पुसता पुसता म्हणाले, "जाऊ द्या काकू. अडवलं तं जलमभर आयकाव लागन. लेकरू रडलं का महिन्याभरात येते वापस."

संक्रांतीनंतर मॅडम गेल्या. काकूंनी यशूच्या गालावर काजळाची एवढी मोठी तीट लावली की मॅडम म्हणाल्या, "काकू, पासपोर्टमधल्या फोटोत ही नाहीये, विमानतळावर अडवतील." नागपूरच्या बसमध्ये यशू खिडकीतून आम्हाला टाटा करत होती. तिला वाटत होतं आम्ही चाललोय.

तिकडची सकाळ म्हणजे आमची दिवेलागणीची वेळ. त्या वेळी मॅडमचा व्हिडिओ कॉल यायचा. काकू देवापाशी दिवा लावून पदरानं हात पुसत येऊन बसायच्या. सुरुवातीला मॅडम सगळं दाखवायच्या. एक खोली, एक खिडकी, शेजारची एकटी राहणारी म्हातारी, जिनं यशूला लोकरीची टोपी विणून दिली होती. आमच्याकडे पेरण्या चालू होत्या आणि तिकडे यशू टोपी घालून कुडकुडत होती, याचं काकूंना फार नवल वाटायचं. "मॅडम, तिकडं सूर्य उलटा चालते का काय?"

यशूला त्या वर्गात घेऊन जायच्या. ती भिंतीपाशी खुर्च्यांखाली बसून लोकांचे जोडे इकडचे तिकडे करायची. नाच शिकवणारे गुरुजी चांगले होते, रागवत नसत. पण हळूहळू मॅडम कॉलवर कमी बोलायला लागल्या. एकदा काकू उठून गेल्यावर मला म्हणाल्या, "या नाचात बाईनं डोळे मिटायचे असतात, मनीषा. समोरचा नेईल तसं जायचं. पण मी डोळे मिटले की यशू कुठाय ते मला दिसत नाही. त्यामुळे एक डोळा उघडाच राहतो. गुरुजी म्हणतात, तू येतेस, पण पूर्ण येत नाहीस."

"मग?"

"मग काय. बरोबरच म्हणतात. घरी आले की यशूला भरवताना मनात पावलं चालू असतात. तिथेही मी पूर्ण येत नाही. तिलाही कळतं ते. माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवते."

मी विचारलं, "परत येता का मॅडम?"

"बघू," त्या म्हणाल्या. मी घाबरले. मग त्यांच्याही लक्षात आलं आणि म्हणाल्या, "नाही नाही. तो बघू नाही. साधा बघू."

तिकडे राहून यशूची बोली बदलत गेली. म्हातारी तिच्याशी तिकडच्या भाषेत बोलायची, वर्गातले लोकही. लहान मूल, ज्यानं काम भागतं तो शब्द धरतं. काकूंनी "यशू, जेवली का?" विचारलं तर ती हसायची, पण उत्तर वेगळंच द्यायची. काकू म्हणायच्या, "पोपट झाली व हे."

पुढे गावोगावी गेली ती गोष्ट घडली तेव्हा मी यवतमाळला आजींकडे होते. मॅडमनीच सांगितलं होतं, तिकडे गेलीस की आजींना भेटून ये, त्यांना व्हिडिओ कॉल लावता येत नाही, लावून दे. आजींनी मला शेवेचा चिवडा दिला, चहा दिला. मग चष्मा पुसून, डोक्यावर पदर घेऊन, फोनसमोर फोटो काढायला बसावं तशा ताठ बसल्या. मी कॉल लावला.

फोन शेजारच्या म्हातारीनं उचलला. तिच्या कडेवर यशू होती. तोंड लालभडक, केस कपाळाला चिकटलेले. तिला ताप होता. ती हात पुढे करून रडत होती आणि ओरडत होती, "आग्वा! आग्वा!"

आजी ताडकन उठल्या. "आग? काय आग? अव माय, कुठी आग लागली?"

"आजी, आग नाही. पाणी मागते ती. तिकडं पाण्याला आग्वा म्हणतात."

आजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांची थट्टा करते आहे. "पान्याले आग म्हंतेत? असा कोन्ता देश हाये व?"

"खरंच आजी. मॅडमनी सांगितलंय मला."

तेवढ्यात यशू पुन्हा किंचाळली. तिकडे म्हातारी एका हातानं यशूला सांभाळत पेला शोधत होती, फोन हलत होता, कधी छत दिसत होतं, कधी यशूचा पाय. आजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "लेकराच्या अंगाची आग होऊन राह्यली. तिची माय कुठी हाये? ओ बाई, हिची माय कुठी हाये?"

म्हातारीला शब्द कळले नसतील, पण प्रश्न कळला. तिनं खिडकीकडे हात केला आणि बरंच काही सांगितलं. एवढ्या मोठ्या वाक्यातला एकच शब्द आजींना समजला. टांगो.

आजी खाली बसल्या. मी सांगत राहिले की ताप आहे, लहान मुलांना येतो, म्हातारी चांगली आहे, रोजची आहे, ती पाणी पाजतेय बघा. यशू खरंच पाणी पीत होती. पण आजी आता फोनकडे पाहत नव्हत्या. त्या भिंतीकडे पाहून हळू आवाजात म्हणत होत्या, "लेकरू आग आग करून राह्यलं आन् माय नाचून राह्यली."

ते वाक्य रात्रीपर्यंत गल्लीत गेलं. दोन दिवसांत मारेगावला मॅडमच्या माहेरी गेलं, आर्णीला आलं. आर्णीला पोचलं तेव्हा तिकडे घराला खरीच आग लागली होती आणि शेजाऱ्यांनी लेकरू बाहेर काढलं होतं. मी भेटेल त्याला सांगायचे, आग नाही, पाणी. लोक ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बरं. पन माय तं नव्हती नं घरी?"

मग मी पुढच्या माणसाला सांगायला जायचे.

त्या दिवशी काय झालं ते मॅडमनी नंतर सांगितलं. त्यांची परीक्षा होती. गुरुजींसमोर नाचून दाखवायचं होतं. यशू सकाळी खेळत होती, अंग जरासं कोमट होतं. म्हातारी म्हणाली, तू जा, मी आहे. यशूला गाणी पाहायला मिळावीत म्हणून मॅडम फोन घरीच ठेवून गेल्या. "आणि मनीषा, त्या दिवशी पहिल्यांदा माझे दोन्ही डोळे मिटले. आपोआप. मला कळलंसुद्धा नाही. संपल्यावर गुरुजींनी नुसता खांद्यावर हात ठेवला. मी रस्त्यानं जवळजवळ पळतच घरी आले, कोणालातरी सांगायचं म्हणून. दारात म्हातारी उभी होती. फोनवर सरांचे इतके कॉल येऊन गेले होते."

सर ओरडले नाहीत. ते फक्त म्हणाले, "ये." मॅडम म्हणाल्या, ताप उतरलाय, थोडेच महिने राहिलेत. सर म्हणाले, "चित्रा, मी संमती देली होती. आता आईले काय सांगू? मीच धाडलं म्हनते थे. ये."

मॅडम शिक्षण अर्धवट सोडून आल्या.

यवतमाळला आजींच्या घरी बैठक झाली. दोन्हीकडची मोठी माणसं जमली. मी तिथे नव्हते; काकू गेल्या होत्या, बोलावलं नव्हतं तरी. त्यांनी येऊन सांगितलं. यशू आजींच्या मांडीवर बसली होती, आजींनी तिला दोन्ही हातांनी धरलं होतं. सरांच्या एका काकांनी विचारलं, "मंग सूनबाई, येवढ्या दूर जाऊन शिकल्या काय?"

मॅडम म्हणाल्या, "चालायला."

काही माणसं हसली. काका म्हणाले, "थे तं लेकरू बी इथंच शिकलं." मग ठरलं की मॅडमचं आर्णीत बस्तान बसेपर्यंत यशू आजीपाशी राहील. मॅडमना विचारलं, चालेल ना? काकू म्हणाल्या, "मी वाट पाहून राह्यली, आता हो हो म्हनतीन. म्हंजे नाही. मंग मी बोलनार होती, भांडनार होती. पन त्या येकच डाव हो म्हनल्या व. येकच हो." आणि पदर तोंडाला लावून बसून राहिल्या.

आर्णीत बस्तान बसलं नाही. कॉलेजात त्यांच्या तासिका दुसऱ्याला दिल्या होत्या. त्यांनी घरी शिकवणी लावायचं ठरवलं, पण मुली पाठवायला आया तयार नव्हत्या. एक बाई अंगणात उभी राहून काकूंना म्हणाली, "इंग्रजी शिकवतीन का टांगा?" तोच शब्द होता, पण आता त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. काकूंनी तिला फाटकाबाहेर काढलं.

मॅडम वर एकट्या राहायला लागल्या. शनिवारी यवतमाळला जायच्या, रविवारी परत यायच्या. सरांचं शनिवारचं येणं बंद झालं होतं. बाकीचे दिवस संध्याकाळी यशूला व्हिडिओ कॉल करायच्या. परदेशातून आम्हाला करायच्या तसाच, भिंतीला उशी लावून, फोन पेल्याला टेकवून. पलीकडे यशू थोडा वेळ बसायची, मग खेळायला जायची, आणि मॅडम रिकाम्या पलंगाकडे पाहत राहायच्या, आजी येऊन फोन बंद करीपर्यंत.

यशू पुन्हा इकडचं बोलायला लागली. मले, तुले, कायले. एकदा मॅडमनी तिकडच्या भाषेत तिला काही विचारलं. यशू हसली आणि मागे वळून ओरडली, "आजी व, पाह्य नं, मॅडम कसं बोलून राह्यली!" तिला एक शब्दही समजला नव्हता. कॉल संपल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "आम्हा दोघींची एक भाषा होती. आम्ही दोघीच बोलायचो ती घरात. आता ती फक्त मला येते." मग चहाचा कप उचलला, थंड झालेला, आणि न पिताच खाली ठेवला.

हिवाळ्यातली एक दुपार आठवते. अंगणात ऊन होतं. काकू तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मॅडम जिन्यावर बसल्या होत्या, नुसत्या. काकूंना ते बसणं पाहवेना. त्या म्हणाल्या, "मॅडम, येवढं जग बोंबललं, पन आमी तं पाह्यलाच नाही तुमचा टांगा. दाखवा नं."

"एकटीनं नाही होत काकू. दोघं लागतात."

"मंग मी हावो नं!" काकू शेंगांचं सूप बाजूला सारून उठल्या, पदर खोचला आणि हात पसरून उभ्या राहिल्या. मला वाटलं मॅडम हो हो म्हणतील. पण त्या उठल्या, चपला काढल्या, काकूंचा एक हात आपल्या पाठीवर ठेवला, दुसरा हातात घेतला आणि कपाळ त्यांच्या कपाळाजवळ नेलं.

"आता चाला."

"कुठी?"

"तुम्हाला वाटेल तिथं. मी येते."

काकू चालायला लागल्या. बाजारात जाताना चालतात तशा. मॅडम मागे मागे जात होत्या. तुळशीपाशी काकूंनी त्यांच्या पायावर पाय दिला, "अव बाई!" म्हणाल्या, पुन्हा चालल्या. हळूहळू काकूंचं पाऊल मंदावलं. न्हाणीपाशी त्या थांबल्या, तर मॅडमही त्याच क्षणी थांबल्या, जणू त्यांना आधीच माहीत होतं. तिथे गाणं नव्हतं, काही नव्हतं. मला नाचातलं काही कळत नाही. पण काकूंच्या पुढे एक बाई अगदी हलकी होऊन जात होती, एवढं दिसलं.

"डोये काहून मिटले व तुमी?" काकूंनी विचारलं.

"मिटायचे असतात. पुढचा नेईल तिथं जायचं."

"हे तं आमी बी जलमभर करून राह्यलो," काकू म्हणाल्या. "आमची कोनी परीक्षा नाही घेतली." मग थोड्या वेळानं, "पन तुमचा तं येक डोया उघडा राह्यते म्हने. मनी सांगत होती."

"आता नाही राहत काकू," मॅडम डोळे न उघडताच म्हणाल्या. "आता कोणावर लक्ष ठेवायचं नसतं ना. दोन्ही मिटतात."

काकू तिथेच उभ्या राहिल्या. त्यांनी मॅडमना धरूनच ठेवलं. मी सूप ओढून शेंगा सोलायला बसले.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तान्ह्या पोळ्याला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरांचा पोळा असतो. मुलं नटूनथटून, चाकांचे लाकडी बैल ओढत दारोदार फिरतात आणि घरोघरी त्यांना बोजारा म्हणून खाऊ मिळतो. मला अमरावतीला पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता, त्याच दिवशी यवतमाळहून गाडी होती. मॅडमना यशूकडे जायचं होतं. आम्ही एकाच एसटीनं आलो. मॅडमनी यशूसाठी नवा फ्रॉक आणि चॉकलेटचा डबा घेतला होता. प्रवासात त्यांनी तो डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. सर आता त्यांच्याशी फक्त यशूपुरतं बोलत. आणि कुठल्याशा गावात शाळेची नोकरी मिळते का ते पाहतेय, असं मॅडम म्हणाल्या. गाव यवतमाळहून दूर होतं. मी विचारलं, "मग यशू?" त्यांनी खिडकीची काच सरकवली. बाहेर सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं.

आजींच्या गल्लीत मुलांची गर्दी होती. यशू धोतर-फेटा बांधून, काजळाची मिशी रेखून, मुलांच्या घोळक्यात होती. उंच झाली होती. तिचा बैल लाल रंगाचा होता, शिंगांना बेगड. मुलं एकेका दारापुढे थांबत, खाऊ घेत आणि पुढे जात. आम्ही आजींच्या दाराशी उभ्या राहिलो, तेवढ्यात घोळका तिथे आला. मुलांनी डबा पाहिला आणि हात पुढे केले. यशूनंही केला.

मॅडमनी सगळ्यांना चॉकलेट दिलं. यशूच्या हातात दोन ठेवली, मग तिसरं ठेवलं. यशूनं वर पाहिलं, ओळखलं, आणि आत वळून ओरडली, "आजी, मॅडम आल्या!"

दारातून आजींचा आवाज आला. तो रागाचा नव्हता, खरंच सांगते, उलट जरा ओशाळलेला होता. "मॅडम काय म्हन्ते व? आई हाये थे तुही. आई म्हन."

यशू क्षणभर गोंधळली. घरात, फोनवर, गल्लीत, बहुतेकांच्या तोंडून तिनं 'मॅडम' हेच नाव ऐकलं होतं. कोणाचं मन मोडू नये म्हणून लहान मुलं करतात तसं तिनं दोन्ही धरलं.

"आई मॅडम," ती म्हणाली.

मॅडमनी ओ दिली. पण पुढच्या दारी हाळी पडली होती, आणि यशू दोरी ओढत, बैल खडखडवत, मुलांच्या मागे पळत गेली होती.